साडेचार सेंटीमीटरसाठी आतला रॉड घ्यावा की बाहेरची फ्रेम?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ १९ वर्षांचा. अकराव्या वर्षी झाडावरून पडून डाव्या मांडीचं हाड गुडघ्यालगत मोडलं. प्लास्टर झालं, हाड जुळलं, पण पुढे तो पाय आखूड पडत गेला आणि आज साडेचार सेंटीमीटरचा फरक आहे. एका सर्जननी हाडात पिना घालून त्यांवर बाहेरून फ्रेम लावून पाय वाढवू असं सांगितलं, दुसऱ्यांनी हाडाच्या आत चुंबकाचा रॉड घालायला सुचवलं. रॉडचा खर्च फ्रेमच्या कितीतरी पट, आणि त्यासाठी वडील शेत विकायला निघालेत. ‘दोन्हीत चांगलं कोणतं?’ असं तुम्ही विचारता.

मी बावीस वर्षं हाडांचंच काम करतो आणि त्यातली बरीचशी वाकडे, आखूड, न जुळलेले पाय दुरुस्त करण्यात गेली. ‘चांगलं कोणतं’ याला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. मात्र तुमच्या भावाच्या बाबतीत निर्णय कशावर फिरेल ते नेमकं सांगता येईल, आणि ते शेत विकण्याआधी सांगायला हवं.

सुरुवात हाडापासून करतो. हाड फ्रेममुळे वाढत नाही आणि रॉडमुळेही नाही. ऑपरेशनमध्ये आम्ही हाड अलगद कापतो, आजूबाजूचं रक्ताभिसरण जपून. मग पाच ते सात दिवस काहीच करायचं नाही. त्या काळात कापलेल्या जागी नवं, मऊ हाड धरायला लागतं. त्यानंतर दोन्ही टोकं दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने लांब न्यायची, तीही एका दमात नाही, पाव-पाव मिलिमीटर करत चार वेळा. मधली फट नव्या हाडाने भरत जाते. गती जास्त ठेवली तर हाड धरत नाही आणि नस ताणली जाते, कमी ठेवली तर फट वेळेआधीच जुळून बसते. सैबेरियातल्या कुर्गान गावी गावरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात हे शास्त्र बसवलं. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना ते पटायला १९८० चं दशक उजाडलं. कार्लो मॉरी नावाचा इटालियन गिर्यारोहक वर्षानुवर्षं न जुळलेली नडगी घेऊन कुर्गानला गेला आणि नीट चालत परत आला, तेव्हा युरोपाचे डोळे उघडले. आजचा लाखोंचा चुंबकी रॉडही इलिझारोव्हचंच गणित चालवतो, फक्त पान्याच्या जागी रिमोट आला आहे.

म्हणून आधी एक गैरसमज काढून टाका: आतल्या रॉडने हाड लवकर वाढत नाही. साडेचार सेंटीमीटर म्हणजे ४५ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही पद्धतींत लांबवायला दीड महिना. नंतर ते मऊ हाड कडक व्हायला त्याच्या दुप्पट किंवा जास्त वेळ. फरक एवढाच की हे सगळे महिने तुमचा भाऊ कशा अवस्थेत काढणार.

आता मूळ दुखण्याकडे वळू, कारण दोन्ही सल्ल्यांत त्याचा उल्लेख आलेला दिसत नाही. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या कुर्चेच्या थरातून, म्हणजे वाढीच्या पट्टीतून होते, वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर. मुलांची वाढ सोळाव्या वर्षाच्या आसपास थांबते. अकराव्या वर्षी ती पट्टी बंद पडली असेल तर पाच वर्षांचं नुकसान साडेचार-पाच सेंटीमीटर होतं. तुमचा आकडा तंतोतंत बसतो, म्हणजे पट्टी बहुधा अपघातानंतर लगेचच बंद पडली. पण ती सरसकट बंद पडली की एका बाजूनेच? बाहेरची बाजू बंद पडून आतली वाढत राहिली तर गुडघा आत वळतो, दोन गुडघे एकमेकांना घासतात. उलट झालं तर पाय धनुकलीसारखा बाहेर वाकतो. अशा पायाला लांबी नंतर, आधी सरळपणा लागतो.

हे कळायला साधा गुडघ्याचा एक्स-रे पुरत नाही. उभं राहून कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा एकत्र काढलेला लांब एक्स-रे लागतो, त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. तो काढताना आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवून कंबर समतल करावी. ठोकळ्याची उंची किती लागली ते तिथेच लिहून घ्यायला सांगा. कधीकधी टेपने मोजलेला फरक साडेचार निघतो आणि ठोकळ्यावर तीन, कारण गुडघा पूर्ण सरळ होत नसतो किंवा कंबर तिरकी धरायची सवय लागलेली असते. मग तीन सेंटीमीटरसाठी साडेचारचं ऑपरेशन होतं. असं घडलेलं मी पाहिलंय, म्हणून इतकं बजावतोय.

स्कॅनोग्रामनंतर दुसरा प्रश्न: त्या वेळी जखम उघडी होती का? पू झाला होता का? अगदी एकदाच, आठ वर्षांपूर्वी, पंधरा दिवस झाला असला तरी सांगा. हाडात जुना जंतुसंसर्ग दडून बसू शकतो, आणि अशा हाडाच्या पोकळीत घुसळून लांब धातूचा रॉड घालणं म्हणजे तो संसर्ग वरपासून खालपर्यंत पसरवण्याची सोय करणं. इथे बाहेरची फ्रेमच. महाराष्ट्रात इलिझारोव्हच्या रिंगा, म्हणजे पायाभोवतीची गोल फ्रेम, बऱ्याचदा याच कामाला लागतात: मोटारसायकलच्या अपघातात नडगी फुटली, हाड बाहेर आलं, पू धरला, जुळलं नाही. तिथे आतल्या रॉडचा विषयही कुणी काढत नाही.

समजा पू नव्हता, पाय बऱ्यापैकी सरळ आहे आणि हाडाची पोकळी पुरेशी रुंद आहे. आता निवड खरी सुरू होते, आणि इथे मांडी आणि नडगी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोक दोन्ही एका मापाने मोजतात.

नडगीचं हाड आतल्या बाजूला कातडीच्या अगदी खाली असतं, हात लावून पाहा. तिथे बाहेरून तारा आणि पिना घालणं सोपं, त्या त्रासही कमी देतात. रिंगची फ्रेम लावलेला माणूस पूर्ण वजन टाकून चालू शकतो. माझा एक पेशंट नडगीला रिंगा असताना ढगळ पायजमा घालून रोज पिठाच्या गिरणीवर बसायचा. मांडीचं तसं नाही. मांडीत हाडापर्यंत पोचायला जाडजूड स्नायूतून जावं लागतं. गुडघा वाकवला की स्नायू आणि कातडी पिनेवर घासतात, दुखतं, पिनेच्या तोंडाशी लाली येते, पाणी येतं. दुखतं म्हणून पोरगं गुडघा वाकवत नाही, न वाकवल्याने गुडघा आखडतो, आणि शेवटी पाय लांब झाला तरी मांडी घालून बसता येत नाही. मांडीवर गोल रिंगा लावल्या तर दोन पाय जवळ आणता येत नाहीत, कुशीवर झोपता येत नाही. त्यामुळे मांडीसाठी बहुतेक सर्जन बाहेरच्या बाजूने एकच सरळ पट्टी लावतात, तिला रेल फिक्सेटर म्हणतात. ती सुसह्य आहे, पण पिना मात्र स्नायूतूनच जातात. साडेचार सेंटीमीटरसाठी ती पट्टी पाच ते सात महिने अंगावर राहील असं धरून चाला. दर सेंटीमीटरला महिना ते दीड महिना, असा आमचा ढोबळ हिशेब असतो.

म्हणून सरळ, स्वच्छ, वाढ पूर्ण झालेल्या मांडीच्या हाडाला, पैशाची अडचण नसेल तर, मी आतला रॉडच निवडतो. यात मला फारशी शंका उरलेली नाही. पिना नाहीत, त्यामुळे पिनांचा संसर्ग नाही, गुडघा आणि कंबर पहिल्या दिवसापासून हलवता येतात, जखमेच्या खुणाही लहान. प्रीसाइस या रॉडला अमेरिकेत २०११ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. रॉडच्या आत चुंबक आणि बारीक गिअर असतात. मांडीवर ठरलेल्या खुणेवर एक जड यंत्र धरायचं, त्यातले मोठे चुंबक फिरतात, त्यांच्याबरोबर आतला चुंबक फिरतो आणि रॉड सरकतो. जास्त सरकला तर उलटाही फिरवता येतो, ही मोठी सोय.

पण विकणारे सांगत नाहीत अशाही बाजू आहेत. या रॉडवर हाड कडक होईपर्यंत पूर्ण वजन टाकायचं नाही. मधल्या जाडीच्या रॉडवर २० ते ३० किलोच्या आसपास एवढाच भार चालतो, बाकी सगळा कुबड्यांवर. म्हणजे अंगावर काही दिसत नसलं तरी चार-पाच महिने तो नीट चालणार नाही. नातेवाईक ‘काही लावलेलं तर दिसत नाही, मग लंगडतोस कशाला?’ म्हणतात आणि पोरगं वजन टाकून रॉड वाकवून बसतं. पूर्ण वजन टाकता येईल असा स्ट्राइड नावाचा स्टीलचा रॉड २०१८ मध्ये आला होता. रॉडच्या सांध्यापाशी गंज आणि त्याच्या आसपास हाडात बदल दिसू लागले आणि २०२१ मध्ये तो बाजारातून मागे घ्यावा लागला. कुणी ‘याच्यावर दुसऱ्या दिवशी चालायचं’ असं सांगितलं तर रॉडचं नाव आणि वर्ष विचारून घ्या.

शिवाय रॉड कायमचा ठेवायचा नसतो. वर्ष-दीड वर्षाने दुसरं ऑपरेशन करून काढायचा, त्याचा खर्च आजच धरा. आणखी एक बारकावा: आतला रॉड मांडीच्या हाडाच्या रेषेत लांबवतो, पण कंबरेपासून घोट्यापर्यंत भार जातो ती रेषा वेगळी असते. त्यामुळे दर सेंटीमीटरला भाराची रेषा गुडघ्यात साधारण एक मिलिमीटर बाहेर सरकते. सरळ पायाला साडेचार मिलिमीटर पचतात. गुडघा आधीच आत वळलेला असेल तर तो आणखी आत वळेल. म्हणून आधी स्कॅनोग्राम म्हणालो. थोडा बाक असेल तर रॉड गुडघ्याकडून घालून त्याच टेबलावर हाड सरळ करता येतं आणि मग लांबवता येतं. बाक जास्त असेल, किंवा हाड दोन-तीन दिशांनी वळलेलं असेल, तर सहा दांड्यांची संगणकावर हिशेब करून फिरवायची फ्रेम अजूनही सरस ठरते. ती रोज थोडं थोडं सरळही करते आणि लांबही. लहान मुलांत तर आतल्या रॉडचा प्रश्न बहुधा येतच नाही. वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात, पोकळी अरुंद असते, आणि कमरेकडून चुकीच्या जागी रॉड घातला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

आता वडिलांना दाखवा असा भाग. दोन डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली, पण मधे तिसरी वाट आहे आणि आपल्याकडच्या खिशाला ती बरीच मानवते. मांडीत साधा रॉड घालायचा, मोडलेल्या हाडात रोज घालतात तसलाच, पण एकाच टोकाला स्क्रूने बांधायचा. बाहेरून रेल फिक्सेटर लावायचा. रोजचं लांबवणं बाहेरच्या पट्टीने करायचं, हाड आतल्या रॉडवरून रुळावरून सरकावं तसं सरकतं. लांबी पूर्ण झाली की छोटं ऑपरेशन करून रॉडचं दुसरं टोक बांधायचं आणि पट्टी काढून टाकायची. साडेचार सेंटीमीटरसाठी पट्टी दोन महिन्यांच्या आसपास राहते, पाच-सात नाही, आणि नवं हाड रॉडच्या आधाराने निर्धास्त कडक होतं. यात धोका एकच पण गंभीर: पिनेचा संसर्ग रॉडपर्यंत गेला तर पू थेट हाडाच्या पोकळीत पसरतो. त्यामुळे एकही पिन रॉडला टेकता कामा नये, पिनांची निगा कडक हवी, आणि सर्जनने ही पद्धत मोजून पुरेशा वेळा केलेली हवी. ‘तुम्ही स्वतः अशा किती केल्या?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर चिडत नाही.

नुसत्या फ्रेममध्ये रॉडचा आधार नसतो, आणि त्याची किंमत मी एकदा मोजली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाची मांडीवरची पट्टी मी तीन आठवडे आधी काढली. त्याची बारावीची परीक्षा होती, आई मागे लागली होती, आणि एक्स-रेत दोन बाजूंनी हाड चांगलं दिसत होतं. उरलेल्या दोन बाजूंना ते पातळ होतं. बाविसाव्या दिवशी पाय घसरला आणि नवं हाड वाकलं. पुन्हा ऑपरेशन, रॉड, परीक्षा बुडाली ती बुडालीच. तेव्हापासून दोन दिशांच्या एक्स-रेत चारपैकी किमान तीन बाजू जाड आणि सलग दिसल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही, आणि काढण्याआधी पट्टी थोडी सैल करून पेशंटला काही दिवस चालवून पाहतो.

कुठलीही पद्धत घ्या, हाड वाढतं पण स्नायू आणि नसा मागे ओढत राहतात. खरी लढाई तिथे. रोज दोन-तीन वेळा फिजिओ, त्याला पर्याय नाही. मांडी लांबवताना गुडघा वाकणं ४५ अंशांच्या खाली घसरलं तर लांबवणं सावकाश करावं किंवा काही दिवस थांबवावं. चाळीस मिलिमीटर लांबीवर समाधान मानून वाकणारा गुडघा घरी नेलेला बरा. पावलात मुंग्या, जळजळ, अंगठा वर उचलता न येणं यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. आणि तंबाखू. भाऊ मळत असेल, गुटखा खात असेल तर ऑपरेशनआधी दोन-तीन महिने बंद. निकोटीनने नवं हाड धरायला उशीर होतो, हे मी प्रत्येक वॉर्डात पाहिलंय.

घर कसं आहे हेही लिहा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मांडीत रॉड असो की पट्टी, तो वापरता येणार नाही, कमोडची खुर्ची आणावी लागेल. फिजिओ किती लांब आहे? दर पंधरा दिवसांनी एक्स-रेला शहरात यायला गाडी कोण करणार? ड्रेसिंग कोण करणार? मी पाहिलेल्या वाईट निकालांतले बरेचसे यंत्रामुळे नव्हते, चाळीस किलोमीटरवरच्या फिजिओमुळे होते.

अजून एक शक्यता, जी बहुधा कुणी सांगितली नसेल: काहीही न लांबवणं. दोन सेंटीमीटरपर्यंतचा फरक बुटात पट्टी घालून निभावतो. साडेचार नाही निभावत, एवढा उंच बूट रोज कोण घालतो. पण वाढ पूर्ण झालेल्या माणसात दुसऱ्या पायाचं मांडीचं हाड तीन-साडेतीन सेंटीमीटर कमी करून साधा रॉड घालता येतो. एक ऑपरेशन, दोन-तीन महिन्यांत कामावर, ताणणं नाही. उंची तेवढी कमी होते आणि निरोगी पायावर सुरी चालते, म्हणून लोक नाक मुरडतात. भाऊ पाच फूट दहा इंच असेल तर माझ्या मते विचार करण्यासारखं आहे, पाच फूट तीन असेल तर नाही. त्याची उंची तुम्ही लिहिलेली नाही.

उंचीवरून आठवलं. हल्ली आठवड्यात एकतरी मुलगा पोलीस भरतीसाठी विचारायला येतो. पुरुषांना १६५ सेंटीमीटर लागतात, याचे १६२ भरतात. दोन्ही पाय लांबवले तर तीन सेंटीमीटर मिळतीलही. पण त्याच भरतीत १६०० मीटर धावायचं असतं, आणि ताणलेले स्नायू पूर्वीसारखे धावायला लागतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. मी त्यांना परत पाठवतो. तुमच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा पाय आजारी आहे, तो दुरुस्त करायचा आहे.

तर आता असं करा. पायाखाली ठोकळे ठेवून उभ्याने स्कॅनोग्राम, गुडघ्याचे दोन दिशांचे एक्स-रे, जुने कागद सापडले तर तेही, आणि गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का याची नोंद, एवढं घेऊन मांडी लांबवण्याची कामं नेहमी करणाऱ्या तिसऱ्या सर्जनकडे जा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलाही चालेल. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला योजनेतून काय मिळेल ते विचारा. पाय सरळ निघाला, पू कधी नव्हता, तर साधा रॉड आणि वरून पट्टी ही वाट आधी चर्चेला घ्या. गुडघा आत किंवा बाहेर बराच वळलेला निघाला तर नुसती फ्रेम कदाचित बरी ठरेल, आणि तेव्हा महाग रॉडचा विषय आपोआप संपेल. शेताचा सौदा तोवर थांबवायला सांगा. मांडीचं हाड आठ वर्षं थांबलंय, अजून महिनाभर थांबेल.